रविवारची अंडी

ऑर्फा टटलचा रविवार शनिवारी सकाळी सुरू व्हायचा. रविवार म्हणजे प्रभूचा दिवस, त्या दिवशी हाताला काम लावायचं नाही, हे सीडर क्रीक गावच्या साऱ्या मेथडिस्ट पंथाच्या मंडळींना ठाऊक होतं. पण ते न करायचं काम आदल्या दिवशी उरकताना जो पिट्टा पडतो, तो फक्त टटलांच्या घरात राहणाऱ्यांनाच ठाऊक. उद्याचे बटाटे आज सोलून पाण्यात. उद्याचे बूट आज चकाचक. सरपण आजच स्वयंपाकघरात. नवऱ्याची दाढीसुद्धा आजच. व्हर्लिन टटल तीस वर्षं रविवारी चर्चला जायचा तो एका रात्रीचे खुंट गालावर घेऊन. एकदा त्यानं धीर करून विचारलं होतं, "अगं, दाढी म्हणजे काय काम आहे का?" ऑर्फानं त्याच्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "तुझी? कामच आहे." तो विषय तिथंच मिटला.

शनिवारी दुपारी खुराड्याची पाळी. सगळ्या कोंबड्या आरडाओरडा करत बाहेर, जुना पेंढा बाहेर, घरटी रिकामी, चुन्याचा हात, मग नवा पेंढा. प्रभूच्या दिवशी कोंबड्यांनी तरी घाणीत का बसावं, असं तिचं म्हणणं. कोंबड्यांचं म्हणणं काय होतं ते कुणी विचारलं नाही. पण त्यांच्या घरात दर आठवड्याला अशी उलथापालथ झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचं कशात लक्ष लागत नसे, हे पुढं ध्यानात ठेवा.

बाई वाईट नव्हती हो. दिराचा, म्हणजे क्लेटसचा गोठा जळाला तेव्हा त्याच्या दारात पहिली गाडी हिचीच उभी राहिली. गाडीत तीन ॲपल-पाय, दोन गोधड्या आणि दारूचे दुष्परिणाम सांगणारी एक पुस्तिका. क्लेटस दारू पीत होता आणि गोठ्याला आग विजेमुळं लागली होती, पण एवीतेवी चाललोच आहोत तर दोन्ही कामं करून येऊ, असा तिचा हिशेब. ॲपल-पाय क्लेटसनं खाल्ले, गोधड्या पांघरल्या, आणि पुस्तिकेचं काय केलं ते तिनंही विचारलं नाही.

तिचं मोठं दुःख म्हणजे व्हर्लिन. तो पीत नव्हता, पत्ते खेळत नव्हता, शिवीसुद्धा फक्त ट्रॅक्टरला द्यायचा. पण चर्चमध्ये दानाची थाळी बाकावरून त्याच्यापुढं आली की चुलीवरून नुकती उतरवल्यासारखी तो ती झटकन पुढच्याच्या हातात द्यायचा. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला जायचा तो ऑर्फाच्या हातून, घरच्या लोण्याच्या पैशातून. सगळ्यांच्या देखत व्हर्लिनच्या हातून दमडी सुटलेली कुणी पाहिली नव्हती. त्याचं खरं कारण अगदी साधं होतं. देताना कुणी बघितलं की त्याला चारचौघांत कपडे उतरवल्यासारखं व्हायचं. पण हे सांगायलाही तोंड उघडावं लागतं, आणि तेही त्याला जमायचं नाही. मग गावानं सोपा अर्थ काढला की हा माणूस कंजूष आहे. त्यानं पाईप ओढणं एकाएकी सोडलं, तेव्हा तर लोक म्हणाले, बघा, आता तंबाखूलासुद्धा महाग झाला.

म्हणून दर बुधवारी संध्याकाळच्या प्रार्थनासभेत ऑर्फा उभी राहायची आणि सगळ्यांसमक्ष मागायची, "प्रभू, माझ्या नवऱ्याची मूठ सैल कर." व्हर्लिन तिला सोडायला यायचा आणि बाहेरच बसून राहायचा, आधी घोडागाडीत, नंतर मोटारीत. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या. आपलं नाव, आपली मूठ, त्यामागोमाग सगळ्या मंडळींचं 'आमेन', सारं त्याला ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी धान्याच्या कोठारावर लोक विचारायचे, "काय व्हर्लिन, झाली का सैल?" हा हात उघडून तळव्याकडं बघायचा. "अजून नाही. तुमच्या बायका 'आमेन' जरा जोरात म्हणत नाहीत."

आता अंड्यांचं. एकोणीसशे एकोणीसच्या हिवाळ्यात त्यांची एकुलती एक लिओटा चार वर्षांची होती आणि घटसर्पानं तिचा गळा धरला होता. रस्ते बर्फानं बंद. डॉक्टर एकदाच येऊ शकले आणि खांदे पाडून परत गेले. ऑर्फा खाटेशी गुडघ्यावर बसली आणि तिनं प्रभूला शब्द दिला की ही वाचली तर मी जगेन तोवर दर रविवारची सगळी अंडी तुझी. शेतातल्या बाईचं स्वतःचं म्हणावं असं असतं काय? कोंबड्या आणि अंडी. होतं नव्हतं ते तिनं देऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी लिओटानं पाणी मागितलं.

पहिल्याच रविवारी ऑर्फा चर्चसाठी धुऊन ठेवलेली टोपली घेऊन खुराड्यात गेली, आणि टोपलीत अंडी आली तीन. एरवी बारा-तेरा यायची; आजवर रविवारची अंडी सोमवारीच उचलली जायची, म्हणून फरक कधी दिसला नव्हता. व्हर्लिन दुधाची बादली घेऊन स्वयंपाकघरात आला तर ही कोठीत पिठाच्या डब्यावर बसलेली, ॲप्रन तोंडाला लावून. "देवाला माझं नकोय," ती म्हणत होती. "मी सौदा केला म्हणून रागावलाय तो. पोरीला परत नेईल." व्हर्लिन दारात उभा राहिला. मग तो बादली घेऊन तसाच माघारी गेला.

पुढच्या शनिवारी तो नेहमीप्रमाणे ऑर्फाच्या अंड्यांची पेटी विकायला गावातल्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार गसनं पेटी घेतली. व्हर्लिननं तंबाखूसाठी खिशात ठेवलेली नाणी काढली आणि त्याच पेटीकडं बोट दाखवून म्हणाला, "यातली डझनभर दे."

"अरे, ही तुझीच आहेत."

"माहीत आहे."

"आत्ता तर विकलीस."

"आता विकत घेतोय. तुला काय करायचंय?"

रविवारी पहाटे दूध काढायला जाताना त्यानं ती बारा अंडी कोटाच्या आत, पोटाशी धरली, कारण गार अंडं हाताला लागलं असतं तर ऑर्फाच्या तेव्हाच लक्षात आलं असतं. ऊब आल्यावर ती घरट्यांतून एकेक करून ठेवली. तासाभरानं ऑर्फा टोपली घेऊन घरात आली ती गात. एकदाच करायचं, पोरगी खडखडीत बरी होईतो, असं त्यानं ठरवलं होतं. पण पुढच्या शनिवारी तिचा जीव पुन्हा खालीवर होताना दिसला आणि तो पुन्हा गसच्या दुकानात गेला. असं करत करत बावीस वर्षं गेली. एकदा गाईनं लाथ मारली तेव्हा पाच अंडी कोटातच फुटली आणि हा माणूस दुपारपर्यंत कोटाचं बटण न काढता वावरला. चर्चमध्ये ऑर्फा म्हणाली, "हा कसला वास मारतोय?" तो म्हणाला, "म्हातारपण."

मोडली असती सवय एखाद्या वर्षी, पण ऑर्फा साक्ष द्यायला लागली. मेथडिस्ट माणसाला प्रभूनं काही दिलं की ते चारचौघांत उभं राहून सांगावं लागतं. ती सांगायची, "सहा दिवस माझ्या कोंबड्या माझ्या असतात, सातव्या दिवशी प्रभूच्या. आणि सातव्या दिवशी त्या जास्त अंडी घालतात." ऐकून इतर बायकांनीही रविवारच्या अंड्यांचा शब्द दिला. त्या अंड्यांतून चर्चला ऊब देणारी भट्टी आली, पियानो आला. शेवटी एकेचाळीसच्या एप्रिलमध्ये जिल्ह्याहून पत्र आलं. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी मेपल फॉल्सला मेथडिस्ट बायकांचा मोठा मेळावा, चारशे बायका, आणि सिस्टर टटल यांनी आपल्या कोंबड्यांविषयी साक्ष द्यावी. ऑर्फानं भाषण लिहून काढलं आणि चुलीसमोर उभी राहून पाठ करायला लागली. व्हर्लिन समोर बसून लापशी खात होता. अर्धी वाटी त्यानं तशीच बाजूला सारली.

त्यातच नेटी क्रॉफ्ट आली. क्लेटसच्या शेजारच्या शेतावर नव्यानं लग्न होऊन आलेली पोरगी, पोटुशी, सहावा महिना. टोपलीत चार अंडी. व्हर्लिन पलीकडच्या खोलीत मलई काढायचं यंत्र फिरवत होता.

"सिस्टर टटल, खरं सांगा," नेटी म्हणाली, "माझ्यात काय खोट आहे? मी तुमच्यासारखाच शब्द दिलाय. तुमच्यासारखंच शनिवारी खुराडं साफ करते. आणि रविवारी नेमकी कमी अंडी येतात. रोज दहा, रविवारी चार. प्रभूला माझं काही घ्यायचंच नाहीये. मग या बाळाचं काय होईल?"

ऑर्फानं तिला जवळ घेतलं. "अजून मनापासून माग, बाळा," ती मायेनं म्हणाली. "मनाचा कानाकोपरा तपासून बघ. काहीतरी राहिलं असेल."

यंत्राचा दांडा व्हर्लिनच्या हातातच थांबला. बावीस वर्षांपूर्वी पिठाच्या डब्यावर बसून रडणारी ऑर्फा आणि आताची ही नेटी, दोघींचे शब्द अगदी एकच होते. फरक एवढाच की हिचं रडणं त्याच्यामुळं होतं.

संध्याकाळी गोठ्यात त्यानं लिओटाला सगळं सांगितलं. ती आता सव्वीस वर्षांची, शाळेत मास्तरीण, लग्नाचं नाव काढत नाही म्हणून बुधवारच्या प्रार्थनेत दुसरा नंबर तिचा. ती इतकी हसली की गाईला धरून उभी राहिली. मग हसणं थांबलं आणि तिनं डोळे पुसले.

"बाबा, तुम्ही आईला सांगा."

"मेळावा झाल्यावर सांगतो."

"मेळाव्याआधी. चारशे बायकांपुढं ती जे सांगणार ते खोटं आहे, आणि ते तिलाच ठाऊक नाही. त्यातल्या शंभर जणी घरी जाऊन खुराड्यात नेटीसारख्या रडतील."

"आणि ती? तिला वाटतं की त्या अंड्यांवर देवानं तुला जिवंत ठेवलंय. मी सांगितलं तर तिच्यापाशी काय उरेल?"

लिओटानं दुधाची बादली उचलली. "तरीही सांगा," ती म्हणाली.

शनिवारी त्यानं सुरुवात केली. "ऑर्फा, मी काय म्हणतो, दर शनिवारी खुराडं उलटंपालटं करायचं, हे कोंबड्यांना मानवत नसेल."

"मानवत नसतं तर रविवारी एवढी अंडी घातली असती का?" ती चुन्याची बादली उचलत म्हणाली. रविवारी पहाटे तो पुन्हा कोटात अंडी घेऊन गेला, आणि घरट्यात ठेवताना आयुष्यात पहिल्यांदा त्याला चोरासारखं वाटलं. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, त्या धामधुमीत सांगायचं राहूनच गेलं. बुधवारी तो मोटारीत बसून आपल्या मुठीविषयीची प्रार्थना ऐकत राहिला.

गुरुवारी लिओटानं युक्ती केली. नेटीला घेऊन ती क्लेटसच्या ट्रकमधून पुढं गेली, म्हणजे मोटारीत हे दोघंच उरले. पुलापाशी व्हर्लिननं गाडी थांबवली.

"बिघडली?"

"नाही. मला बोलायचंय."

ऑर्फाचा चेहराच उतरला. तीस वर्षांत तो असं कधी म्हणाला नव्हता. "डॉक्टरांनी काही सांगितलं का तुला?"

"डॉक्टर नाही. कोंबड्या." आणि त्यानं सांगितलं. तंबाखू, गस, पोटाशी धरलेली अंडी, सगळं, स्टिअरिंगकडं बघत. बोलायला सवय लागते, त्यामुळं गोष्ट मागेपुढे झाली, पण राहिलं काही नाही.

ऑर्फा मांडीवरच्या भाषणाच्या कागदाकडं बघत होती. तिनं विचारलं, "पहिल्या रविवारी ती तीन होती, ती?"

"ती तुझीच. त्यात माझं काही नाही. आणि पोरगी त्याआधीच बरी झाली होती, ऑर्फा. मी एकही अंडं ठेवायच्या आधी."

"गाडी चालव," ती म्हणाली. पुढचे अकरा मैल ती खिडकीतून बाहेर बघत होती. व्हर्लिनच्या मनात आलं की आपण हिचा देव काढून घेतला. त्यापेक्षा गाडी ओढ्यात घातली असती तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.

मेपल फॉल्सच्या चर्चमध्ये नवरे लोकांना मागं, कोटांच्या खुंट्यांपाशी उभं राहायची जागा होती. व्हर्लिन तिथं हॅट छातीशी धरून उभा राहिला. ऑर्फाचं नाव पुकारलं. ती व्यासपीठावर गेली, कागद उघडला, बघितला आणि घडी करून पर्समध्ये टाकला.

"भगिनींनो," ती म्हणाली, "माझ्या कोंबड्या रविवारी जास्त अंडी घालतात म्हणून मला इथं बोलावलंय. त्या घालत नाहीत. कमी घालतात. मी शनिवारी त्यांचं घर उचकटते, म्हणून त्या बिचाऱ्या बावचळतात. हे मला तासाभरापूर्वी कळलं. बावीस वर्षं मी तुम्हाला जे सांगितलं ते खरं नव्हतं, आणि त्यापायी कुणाला आपल्यात खोट आहे असं वाटलं असेल, तर तिची मी माफी मागते. नेटी क्रॉफ्ट, तुझ्या कोंबड्या चांगल्या आहेत, आणि तूही चांगली आहेस. गेल्या आठवड्यात मी तुला जे सांगितलं ते विसरून जा."

नेटीनं लिओटाचा हात धरला.

"आता खरं ते सांगते. माझा नवरा थाळीत काही टाकत नाही, म्हणून मी बावीस वर्षं दर बुधवारी प्रभूपाशी रडले, की याची मूठ सैल कर. आणि त्याच बावीस वर्षांत तो दर शनिवारी आपल्या तंबाखूच्या पैशातून माझीच अंडी विकत आणायचा आणि माझ्या घरट्यात ठेवायचा. मी रडू नये म्हणून. मी ती टोपली पुढ्यात घेऊन याच्यासाठी मागत बसले होते. मागितलेलं मला पहिल्याच महिन्यात मिळालं होतं. मी टोपलीत हात घालून ते दर रविवारी मोजत होते, आणि मला कळलं नाही." तिनं पाण्याचा घोट घेतला. "तो मागं कोटांपाशी उभा आहे. त्याला बघितलेलं आवडत नाही. सगळ्याजणी वळा आणि बघा."

चारशे टोप्या एकदम वळल्या. व्हर्लिननं हॅट तोंडासमोर धरली. लपण्यासारखं तिथं दुसरं काही नव्हतं.

परतताना पूल आला तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "रागावलीस?"

"रागावले तर. बावीस वर्षांच्या प्रार्थना तुझ्यावर वाया घालवल्या मी. तेवढ्यात तुझा क्लेटस दोनदा सुधारला असता." थोडं अंतर गेलं, आणि तिनं स्टिअरिंगवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. "या शनिवारी तंबाखू आण. पण घराबाहेर ओढायची."

त्या शनिवारी खुराडं कुणी उचकटलं नाही. रविवारी कोंबड्यांनी आपल्या मनानं तेरा अंडी घातली. ऑर्फानं ती दोनदा हातात घेऊन बघितली, गरम आहेत का आणि कशानं. व्हर्लिन गोठ्यातून म्हणाला, "मी नाही." ती म्हणाली, "मी कुठं काय म्हणाले?"

बुधवारी तो नेहमीप्रमाणे चर्चबाहेर मोटारीत बसला. हवा उबदार होती, खिडक्या उघड्या होत्या. ऑर्फाचा आवाज आला. "प्रभू, व्हर्लिनबद्दल आभार." बस, तेवढंच. मग लगेच, "आता क्लेटस," आणि पुढं बराच वेळ क्लेटस. व्हर्लिन पाईप हातात धरून बसला होता, पेटवलेला नव्हता. बावीस वर्षं दर बुधवारी एक बाई आपलं नाव घेऊन कळवळून काही मागते, याची त्याला किती सवय झाली होती, ते त्याला आत्ता कळलं.

ती येऊन शेजारी बसली. त्यानं गाडी सुरू केली नाही.

"माझं फार लवकर उरकलंस," तो म्हणाला.

"तुझं काम झालं."

"तरी घेत जा नाव. काहीतरी असेलच अजून मागण्यासारखं."

ऑर्फानं हातमोजे काढून मांडीवर नीट ठेवले. "दाढीचं मागते," ती म्हणाली. "चल आता."